रात्रभर शिडावर : मुंबई ते जयगड

'रात्री शिडाची बोट कुठं थांबवतात हो, साहेब?' किनाऱ्यापासून चार-पाच कोस आत गेले की हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. आपली बैलगाडी रात्री सुटते, एस.टी. मुक्कामाला लागते, ट्रकवाला ढाब्यावर पाय पसरतो. मग नुसत्या वाऱ्यावर चालणारी बोट अंधारात काय करते? तर ती थांबत नाही. भर समुद्रात नांगर टाकायला सोयीची जागा नसते, आणि किनाऱ्याजवळ जागा असली तरी अंधारात तिथे शिरणे हेच सगळ्यांत धोक्याचे. म्हणून रात्रभर चालत राहायचे आणि उजाडल्यावर बंदर गाठायचे, अशी रीत आहे.

शेतकरी बंधूंनो, या पानावर आपण बहुधा पीकपाण्याचे बोलतो. आज जरा समुद्राकडे तोंड करू या. त्याला कारण आहे. डिसेंबर ते मार्च या दिवसांत मुंबई-गोवा पट्ट्यात हौशी लोकांच्या शिडाच्या बोटी ये-जा करतात. खाडीकाठच्या गावांत सकाळी उठून पाहावे तर पांढरी डोलकाठी उभी दिसते. ही माणसे कोण, रात्रभर कशी आली, आपल्या जाळ्यांना त्यांचा काय त्रास, आपण त्यांना काय मदत करावी, हे गावाला ठाऊक असलेले बरे. शिवाय या प्रवासाचा सगळा हिशेब वारा, चंद्र आणि तिथी यांवर चालतो, आणि ती तिन्ही आपल्या पंचांगातली.

वाट आणि हिशेब

एक नेहमीची वाट धरू. मुंबई बंदरातून निघून जयगडला पोचायचे. जयगड म्हणजे शास्त्री नदीच्या मुखावरचे आडोशाचे बंदर. नकाशात मुंबई साधारण १८ अंश ५५ मिनिटांवर आहे आणि जयगड १७ अंश १८ मिनिटांवर. उत्तर-दक्षिण जाताना अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. वजाबाकी केली की ९७ सागरी मैल येतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे अंतर सुमारे १८० किलोमीटर झाले.

पस्तीस-चाळीस फुटी शिडाची बोट बऱ्या वाऱ्यात ताशी पाच सागरी मैल चालते. म्हणजे सावकाश सायकल मारल्यासारखे, ताशी नऊ किलोमीटर. ९७ ला ५ ने भागा, वीस तास लागतात. दुपारी एकला निघाले तर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पोच. दोन्ही टोके उजेडात, मधली रात्र पाण्यावर. सकाळी निघाले असते तर भल्या पहाटे काळोखात जयगडच्या तोंडाशी यावे लागले असते. निघण्याची वेळ अशी पोचण्याच्या वेळेवरून उलटी मोजत आणतात. लग्नाचा मुहूर्त धरून वऱ्हाड कधी हलवायचे ते ठरवतो ना, तसेच.

आता तिथी. कोकणात जुने लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. समजा, माघ शुद्ध द्वादशीला निघालो. बाराची पाऊणपट नऊ. सकाळी नऊला भरती भरली, मग पाणी ओसरू लागले. दुपारी एकला ओहोटीचा ओढ बंदरातून बाहेरच असतो, तो बोटीला पुढे ढकलतो. दुसऱ्या दिवशी त्रयोदशी, तेराची पाऊणपट पावणेदहा. नऊच्या सुमारास जयगडला पोचलो तर पाणी जवळजवळ भरलेले. दक्षिणेकडे भरती मुंबईपेक्षा थोडी आधी होते, म्हणून छापील तक्ता जवळ ठेवतातच. पण बोटांवरचा हा हिशेब अजून खरा उतरतो.

द्वादशीचा आणखी एक फायदा म्हणजे चांदणे. चंद्र दुपारीच उगवलेला असतो आणि पहाटे साडेचार-पाचच्या सुमारास मावळतो. रात्रीचा बहुतेक प्रवास उजेडात होतो.

दोन पाळ्यांचा वारा

शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरलो. शिडाच्या बोटीचे पोट मात्र याच दोन वाऱ्यांवर भरते.

दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत येते. हा खारा वारा. हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर तो दुपारी वायव्येकडून जोर धरतो. दक्षिणेला निघालेल्या बोटीला तो उजव्या पाठीवरून मिळतो. सूर्य मावळला की तो पडतो. मग रात्री जमीन लवकर निवते, समुद्र मात्र कोमट राहतो, आणि हवा उलटी जमिनीवरून समुद्राकडे वाहू लागते. हा मतलई. मध्यरात्रीनंतर तो चांगला जाणवतो आणि सकाळी ऊन चढेपर्यंत टिकतो. दक्षिणेला जाताना जमीन डाव्या हाताला असते, म्हणून हा वारा डाव्या कुशीवर लागतो.

दोन पाळ्यांच्या मध्ये, रात्री नऊ ते अकरा-बारा, वारा पुष्कळदा अगदी मरतो. शिडे लुळी पडतात. जुन्या गलबतांवर अशा वेळी वल्ही मारत किंवा वाट बघत बसत. आजच्या बोटीवर लहान डिझेल इंजिन असते, ते सुरू करतात.

मतलई वारा किनाऱ्यापासून थोड्याच मैलांपर्यंत पोचतो. फार बाहेर राहिले तर तो मिळत नाही. फार आत राहिले तर खडक आणि जाळी. त्यामुळे पाच ते आठ सागरी मैलांवरून बांधावरून चालल्यासारखे जावे लागते. मुंबईहून दक्षिणेला जाणे त्यामानाने सुखाचे. परत वर येताना हाच वायव्येचा वारा तोंडावर येतो आणि नागमोडी वाट काढत यावे लागते, तेव्हा वेळ बराच जास्त लागतो.

निघण्यापूर्वी

पेरणीआधी बियाणे, खत, औजार बघून ठेवतो, तशी इथेही उजेडातच सगळी तयारी होते. अंधारात शोधावी लागेल अशी एकही वस्तू राहता कामा नये, हा पहिला नियम.

इंजिनाचे तेल आणि डिझेल बघतात. बॅटरी भरलेली हवी, कारण रात्रभर दिवे आणि वायरलेस तीच चालवते. प्रत्येकाचे जीवरक्षक जाकीट त्याच्या अंगाला आवळून पाहतात. पिण्याचे पाणी माणशी मोजून घेतात. जेवण दुपारीच शिजवतात, कारण हलत्या बोटीत पेटता स्टोव्ह सांभाळणे अवघड जाते. भाकरी, चटणी, उकडलेली अंडी, केळी, गूळ-शेंगदाणे आणि थर्मासमध्ये चहा, एवढे पुरते. ज्याला पाणी लागते, म्हणजे बोट लागते, त्याने आले चघळावे, आत खोलीत बसू नये, वर येऊन क्षितिजाकडे बघावे. उपाशी पोटी त्रास वाढतो, फार जेवल्यावरही वाढतो.

आणि एक कागद किनाऱ्यावर मागे ठेवतात. बोटीचे नाव, रंग, माणसे किती, कुठून कुठे, पोचायची वेळ काय, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कोणाला कळवायचे, एवढे त्यात लिहिलेले असते. हा कागद घरच्या माणसाकडे द्यायला पाच मिनिटे लागतात. मासेमारीला जाणाऱ्या आपल्या भावंडांनीही ही सवय लावून घ्यावी.

दिवस मावळताना

एकला निघालेली बोट पावणेचारच्या सुमारास खांदेरीबाहेर येते. शिवाजी महाराजांनी १६७९ साली इथे किल्ला बांधायला घेतला तेव्हा इंग्रजांशी याच पाण्यात झुंज झाली. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजे जागीच अडकत आणि आपली हलकी वल्ह्यांची होडकी निसटून जात. वाऱ्याची पाळी ओळखणाराची सरशी होते, हे तेव्हाही खरे होते. बेटावरचे दीपगृह १८६७ सालचे. पुढे चौल कडू नावाचा खडक आहे, तो बाहेरून टाळून पावणेसहाला कोर्लईच्या समोर.

फेब्रुवारीत साडेसहा-पावणेसातला सूर्य बुडतो. त्याआधी दोन कामे उरकतात.

पहिले, शीड लहान करणे. मोठे शीड खालून गुंडाळून बांधले की वारा कमी धरतो. बोट थोडी हळू चालते, पण रात्री अचानक वारा चढला तर कोणाला अंधारात पुढे धावावे लागत नाही. खलाशांची एक समजूत आहे. शीड कमी करावे का, असे मनात आले की ती वेळ आलेली असते. आणखी विचार करत बसू नये.

दुसरे, शिडाखालच्या आडव्या काठीला दोर बांधणे. वारा पाठीमागून असताना बोट जरा वळली तर ही काठी एका बाजूची दुसऱ्या बाजूला सपकन फिरते. वाटेत डोके आले तर माणूस जागीच आडवा होतो. साध्या एका दोराने हे टळते.

तीन तासांची पाळी

बोटीवर समजा चार माणसे आहेत. सगळे मिळून जागले तर पहाटे सगळेच पेंगतात. म्हणून पाळ्या लावतात. तीन तास दोघे वर, दोघे खाली झोपलेले. मग अदलाबदल. रात्री मोटारीचे पाणी द्यायला जाणाऱ्यांना हे सांगायला नको. दोन भाऊ असले तर एक बारे धरतो, एक झोपतो. फरक इतकाच की इथे डुलकी लागली तर पाणी बांध फोडून जात नाही, माणसे जातात.

पाळीवरचा माणूस करतो काय? दर दहा-पंधरा मिनिटांनी चारही दिशांना नजर फिरवतो. मागेसुद्धा, कारण मोठे जहाज मागून येते. दर तासाला वहीत वेळ, जागा, दिशा, वारा लिहितो. उपग्रहावरून जागा सांगणारे यंत्र आहेच, पण ते बंद पडले तर शेवटच्या नोंदीवरून आपण कुठे आहोत ते काढता येते. होकायंत्राला लाल दिवा लावतात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या टॉर्चचा एक झोत ती सगळी घालवतो. मोबाईलचा पडदाही तेच करतो.

रात्रीचा सगळ्यांत कडक नियम दोराचा. कमरेचा पट्टा आणि दोर बोटीला अडकवल्याशिवाय वर यायचे नाही. दुसऱ्याला उठवल्याशिवाय पुढच्या टोकाला जायचे नाही. लघवीलासुद्धा कठड्याला उभे राहायचे नाही. हसू नका, कित्येक माणसे अशीच पडतात. पाच सागरी मैलांच्या वेगाने बोट एका मिनिटात दीडशे मीटर पुढे जाते. शीड उतरवून वळेपर्यंत दोन-तीन मिनिटे गेली, की चांदण्यातही लाटांत नारळाएवढे डोके दिसत नाही. पोहता येणे इथे फारसे कामाला येत नाही. अडकवलेला दोर कामाला येतो.

दिव्यांची भाषा

रात्री समुद्रावर बोट दिसत नाही, दिवे दिसतात. ते वाचता आले पाहिजेत. डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा, मागे पांढरा, हा सगळ्या जगाचा कायदा. लहान शिडाच्या बोटीला हे तिन्ही रंग डोलकाठीच्या टोकावर एकाच दिव्यात लावता येतात. इंजिन सुरू केले की ती कायद्याने यंत्रबोट झाली. मग टोकावरचा तो दिवा मालवून खालचे लाल-हिरवे दिवे आणि पुढे तोंड केलेला वेगळा पांढरा दिवा लावावा लागतो.

समोरच्या बोटीचा लाल दिसला तर तिची डावी बाजू आपल्याकडे आहे. हिरवा दिसला तर उजवी. लाल-हिरवे दोन्ही एकदम दिसले तर ती सरळ अंगावर येते आहे. ट्रॉलिंग करणारी बोट हिरवा आणि त्याखाली पांढरा दाखवते. दुसऱ्या जाळ्यांची बोट लाल आणि त्याखाली पांढरा.

टक्कर होणार की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे. दूरच्या दिव्याकडे बघताना तो बोटीच्या एखाद्या दोराशी जुळवून धरा. दिवा हळूहळू पुढे किंवा मागे सरकत गेला तर वाटा वेगळ्या. तो त्याच जागी राहून मोठा होत चालला तर गाठ पडणारच. दोन बांधांवरून चालणारी दोन माणसे एका कोपऱ्याला एकाच वेळी पोचतात, तसे. मग वेळेवर आणि ठळकपणे वळावे, म्हणजे समोरच्याला आपला बेत कळतो.

यंत्रबोटीने शिडाच्या बोटीला वाट द्यावी, असा कायदा आहे. पण शिडाच्या बोटीने मासेमारी करत असलेल्या बोटीला वाट द्यावी, असेही त्याच कायद्यात आहे. हे आपल्या मच्छीमार बांधवांनी लक्षात ठेवावे. आणि कोळसा किंवा गॅस घेऊन दाभोळ-जयगडकडे येणारे अवाढव्य जहाज चटकन वळू शकत नाही. त्याच्यापुढे कायद्याचे पुस्तक उघडून बसण्यात शहाणपण नाही. लहानाने बाजूला व्हावे.

जाळ्याचा प्रश्न

साडेआठच्या सुमारास जंजिऱ्याच्या समोर आलो की पुढे श्रीवर्धन, बाणकोट, हर्णै हा सगळा मासेमारीचा पट्टा. इथे दोघांचेही नुकसान होते.

वाहती जाळी पाण्यात दूरवर पसरलेली असतात. वर तरंगणारे बोये, कुठे बांबूला बांधलेला बावटा, कुठे लुकलुकणारा लहान दिवा. शिडाच्या बोटीखाली शिसे किंवा लोखंडाचा जड पंखा असतो, तो पाण्यात पाच-सहा फूट खाली जातो. त्यामुळेच बोट वाऱ्याने उलटत नाही. पण तोच पंखा, सुकाणू किंवा इंजिनाचा पंखा जाळ्यात अडकतो. बोट जागच्या जागी थांबते. जाळे कापावे लागते. ज्याचे जाळे त्याचा सीझनचा पैसा गेला, आणि बोटवाल्याला रात्री पाण्यात उतरून पंखा सोडवायचा म्हणजे जिवावरचे काम.

यावर उपाय दोघांनीही करायचा आहे. जाळ्याच्या दोन्ही टोकांना दिवा असावा. आता बॅटरीवरचे दिवे स्वस्तात मिळतात. एका टोकाला दिवा आणि दुसरे टोक अंधारात, असे असले की येणारा नेमका अंधाराकडे वळतो. बोटीवाल्यांनी दिव्यांच्या रांगेतून घुसू नये, वळसा घालावा, आणि शंका आली की इंजिन बंद करून शिडावर जावे. मच्छीमाराने टॉर्चने इशारा केला तर तो वाट दाखवतो आहे असे समजावे. बोलायची वेळ आली तर 'दादा, जाळं कुठवर आहे?' एवढे मराठीत विचारले की निम्मे भांडण मिटते.

विंचू उगवतो तेव्हा

रात्री आठला मृग जवळजवळ डोक्यावर असतो. त्याच्या मागे व्याध. पहाटे दोनच्या सुमारास मृग पश्चिमेला बुडतो आणि आग्नेयेला विंचू डोके वर काढतो. माघ महिन्यात घड्याळ नसले तरी चालते. उत्तरेला ध्रुव. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश भरते. मुंबईत ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींना थोडा कमी, म्हणजे १९ अंश. जयगडला तो १७ अंशांवर आलेला असतो. आपण दक्षिणेला किती उतरलो हे तारा सांगतो. जुन्या तांडेलांना हे पाठ होते.

अडीचला हर्णैची बत्ती. प्रत्येक दीपगृहाची लुकलुक वेगळी असते. सेकंद मोजायचे आणि यादीशी ताडून पाहायचे, म्हणजे कोणते ते कळते. मतलई लागलेला, इंजिन बंद, बोट एका अंगाला कलून चालते आहे. कपडे दमट होतात, थंडी वाजते, कानटोपी लागते.

साडेचार ते सहा हा काळ वाईट. चंद्र मावळलेला, उजाडायला अवकाश, अंगात झोप. दाभोळसमोर याच वेळी मोठी जहाजे आणि पहाटे निघालेल्या मच्छीमार बोटी एकत्र येतात. म्हणून सगळ्यांत जाणत्या माणसाची पाळी इथे लावतात आणि तो आधी पोटभर झोपलेला असतो. चहा शिल्लक ठेवायचा तो याच वेळेसाठी.

खाडीच्या तोंडाशी

समजा, वारा चांगला मिळाला आणि बोट पहाटे पाचलाच जयगडसमोर आली. किल्ल्यापलीकडची गावाची दिवाबत्ती दिसते आहे, सगळे दमलेले आहेत. कोणाला वाटणार नाही, की चला, आत जाऊन झोपू? इथेच घात होतो. आपल्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात आणि पावसाळ्यागणिक जागा बदलतात. अंधारात गावाचे दिवे अंतर फसवतात. खूण म्हणून धरलेला दिवा कोणाच्या पडवीतला निघतो.

शहाणा तांडेल शीड कमी करतो आणि बाहेरच दोन तास काढतो. जमिनीवर आपण संकटात घराकडे पळतो. बोटीचे उलटे असते. खोल पाणी तिला सुरक्षित आणि किनारा धोक्याचा. सूर्य सातला वर येतो. भरतीचे पाणी चढते असताना आत शिरावे, कारण चढत्या पाण्यात बोट वाळूला टेकली तरी तासाभरात आपोआप उचलली जाते. ओहोटीत टेकली तर पुढची भरती येईपर्यंत आडवी पडून राहते.

कधी निघूच नये

हा सगळा हिशेब हिवाळ्याचा. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे मासेमारी बंद असते, आणि पावसाळ्यात या लहान बोटीही बाहेर पडत नाहीत. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. ती तर मोठी आगबोट होती.

अरबी समुद्रात वादळे मुख्यत्वे मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. ११ नोव्हेंबर २००९ ला 'फयान' आले तेव्हा सीझन भरात होता, बोटी बाहेर होत्या, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कित्येक घरांत माणूस परतला नाही. ३ जून २०२० चे 'निसर्ग' श्रीवर्धन, मुरूड, दापोलीच्या बागायतदारांनी पाहिले. मे २०२१ मध्ये 'तौक्ते'. हवामान खाते मच्छीमारांसाठी रोज सूचना काढते, हैदराबादचे सागरी माहिती केंद्र लाटांचा अंदाज देते. निघण्यापूर्वी दोन्ही बघायचे. सूचना वाईट असेल तर सुट्टी संपत आली, पाहुणे खोळंबले, ही कारणे चालत नाहीत. दिवस बदलायचा.

आपल्याच माणसांनी केलेले

हे परदेशी लोकांचे खूळ आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. गोव्यात दिवाडी बेटावर मांडवीच्या काठी बांधलेली 'म्हादेई' ही ५६ फुटी शिडाची बोट २००९ साली पाण्यात उतरली. ती रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात झाली. नौदलाचे दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला तीत एकटे बसून मुंबईहून निघाले आणि चार ठिकाणी थांबत, पृथ्वीला फेरी घालून मे २०१० मध्ये मुंबईला परत आले. शिडावर एकट्याने असा फेरा घालणारे ते पहिले भारतीय. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तीच बोट कुठेही न थांबता फिरवून आणली. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी, सगळ्या महिला, 'तारिणी'तून जग फिरून आल्या. तीही गोव्यातच बांधलेली. इतक्या मोठ्या सफरींची तयारीसुद्धा अशाच एकेका रात्रीच्या किनारी प्रवासातून होते.

गावाने काय करावे

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि मच्छीमार सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक, खाडीत अनोळखी बोट आली तर आधी विचारपूस करावी. नोंदणीचे कागद आणि माणसांची ओळखपत्रे बघायला मागण्यात गैर काही नाही, चांगला बोटवाला ती स्वतःहून दाखवतो. १९९३ साली याच पट्ट्यात, श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला स्फोटके उतरली होती, हे विसरून चालणार नाही. शंका आल्यास सागरी पोलिसांचा १०९३ हा क्रमांक आहे. मात्र हुज्जत आणि दमदाटी नको.

दोन, समुद्रात कोणी संकटात असल्याचे कळले तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फिरवावा. वायरलेसवर १६ नंबरचे चॅनेल संकटासाठी राखून ठेवलेले असते. हे दोन्ही आकडे जेटीवर आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ठळक रंगवून ठेवा. खर्च रंगाच्या एका डब्याचा.

तीन, वाळूचा दांडा यंदा कुठे सरकला आहे हे गावातल्या जाणत्या तांडेलाला ठाऊक असते, नकाशाला नसते. आलेल्याने विचारले तर त्याला सांगा. मुंबईहून येणाऱ्यांनीही गावाला विचारल्याशिवाय आत घुसू नये.

चार, हवामानाची सूचना रोज संध्याकाळी जेटीवर लिहिली जावी. हे काम शाळेतल्या वरच्या वर्गातल्या मुलांकडे दिले तरी चालेल. आंबा-काजूवाल्यालाही ती उपयोगी पडते, कारण वारा फिरणार असेल तर फवारणी पुढे ढकलता येते.

येत्या माघात खाडीत पांढरे शीड दिसले तर आपल्या घरची पोरे घेऊन जरूर बघायला जा. तिथी विचारा, तिची पाऊणपट करायला लावा, आणि भरती त्या वेळेला येते का ते जेटीवर उभे राहून मुलांना स्वतः बघू द्या.